अर्जात माती नाही

जांबवाडी, चाकूरजवळ
९ जानेवारी १९८७

चि. देविदास यास,
सप्रेम जयभीम.

तू एसटीच्या कंडक्टरजवळ दिलेल्या टॉनिकच्या बाटल्या पोचल्या. एक वाटेत फुटली. बसची मागची सीट लालभडक झाली आहे आणि तिची तब्येत आता ठणठणीत आहे, असं कंडक्टर सांगत होता. बाकीच्या मी कपाटात ठेवल्या. तुझी बहीण इथल्या सरकारी उपकेंद्रात नर्स आहे, हे तू दर महिन्याला विसरतोस, म्हणून आठवण करून देते.

विशाखाचं विचारलंस. दिवाळीत तू तिला माझ्याकडे सोडलंस तेव्हा पोरीची नखं कागदासारखी पांढरी होती, चार पावलं चालली की धाप, आणि दिवसभर भिंतीकडे तोंड. बारावी सायन्सला नापास झाल्यानं माणूस मरत नाही. पण तुमच्या घरात तिच्यादेखत सगळे हळू आवाजात बोलायचे, त्यानं मरू शकतं. आता ती सकाळी दोन भाकरी खाते, संध्याकाळी तिसरी मागते. काल भांडी घासण्यावरून माझ्याशी चक्क भांडली. मला इतका आनंद झाला की पातेलं मीच घासलं.

उन्हं कलली की वस्तीतल्या मुलींबरोबर ती तालमीकडे जाऊन बसते. तेवढीच हवा.

त्या तालमीसाठीच लिहिते आहे. गावच्या आखाड्यात आपल्या पोरांना पाय ठेवू देत नव्हते, म्हणून दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षी घरटी टोपलंभर लाल माती वाहून आपल्या माणसांनी स्वतःचा आखाडा केला. तू तेव्हा टोपलं डोक्यावर घ्यायची लाज वाटली म्हणून दप्तर घेऊन पळाला होतास. ती माती तीस वर्षं तेल, हळद, ताक पाजून लोण्यासारखी मऊ ठेवलेली. यंदा माणसाला ताक नाही, मातीला कुठलं? टँकर एक दिवसाआड येतो. वरचे पत्रे वाऱ्यानं गेले. माती उन्हानं तापून अशी झाली आहे की परवा एकाचा खांदा निखळला. ज्ञानोबा वस्ताद म्हणतात, असंच राहिलं तर तालीम बंद करतो. बंद केली की ही पोरं संध्याकाळी कुठं जातील ते तुला माहीत आहे. शिंदीचं दुकान आणि मटक्याची टपरी दोन्ही दुष्काळातसुद्धा हिरवीगार आहेत.

नवा जिल्हा झाला तेव्हा पेढे वाटले होते. त्या नव्या जिल्ह्याकडून चार पत्रे आणि आखाड्यावर शिंपडायला एक पाण्याची टाकी कशी मागायची, एवढं सांग. आयुष्यभर कचेरीत बसलास, बहिणीच्या कामी ये.

तुझी आक्का,
चांगुणा


नांदेड
१७ जानेवारी १९८७

विषय : तालमीस शासकीय मदत मिळणेबाबत.

ती. आक्कास सविनय जयभीम.

पत्र मिळालं. तू पहिल्यांदाच मला कामाचं काही विचारलंस, म्हणून दोन दिवस चौकशी करून सविस्तर लिहितो.

एक, ‘तालीम’ नावाचं खर्चाचं कोणतंही शीर्ष सरकारात नाही. शीर्ष नाही तर पैसा नाही. ‘व्यायामशाळा’ आहे. दोन, अर्जात ‘माती’ हा शब्द चुकूनही येऊ देऊ नकोस. माती लिहिलं की तो अर्ज मृदसंधारणाकडे जातो, ते लोक शेताचा सातबारा मागतात. तीन, ‘पाणी’ही नको. पाणी लिहिलं की टंचाई शाखा, तिथं तर माणसांच्याच घागरींची रांग लागली आहे. माती आणि पाणी काढल्यावर जे उरतं ते मी मसुद्यात उत्तम बसवलं आहे : ‘ग्रामीण युवकांच्या आरोग्य व कल्याणार्थ सुसज्ज व्यायामशाळेचे बांधकाम’. सोबत जोडला आहे. वस्तीच्या सह्या-अंगठे घेऊन लातूरला दे.

विशाखा तालमीकडे बसते हे वाचून बरं वाटलं नाही. तिथं पोरं लंगोटावर असतात. तिला ऊन लागू देऊ नकोस. लोह्याचं एक स्थळ आहे, मुलगा बँकेत आहे, चैत्रात बघायला येणार म्हणतात. तोवर अंगावर थोडं मांस आणि रंगात थोडा उजाळा आला पाहिजे. टॉनिक जेवणानंतर दोन चमचे.

सरजा तुला नमस्कार सांगते. ती लेकीच्या आठवणीनं कधी कधी रडते, मग मीही लवकर कचेरीत जातो.

तुझा,
देविदास


जांबवाडी
२२ फेब्रुवारी १९८७

चि. देविदास,
सप्रेम जयभीम.

अर्ज मंजूर झाला. तुझी कमाल म्हणावी की मार्चची, कळत नाही. मार्च संपायच्या आत पैसा संपवायचा असतो म्हणे, आणि नव्या जिल्ह्याकडे पैसा होता, खर्चायला अर्ज नव्हते. आमचा पोचल्याबरोबर त्यांनी तो उरी धरला.

अमृतराव नावाचा गुत्तेदार जीपमधून येऊन मापं घेऊन गेला. चपलेसकट आखाड्यात उतरला. आजवर तिथं कुणी पायताण घालून पाय ठेवला नाही. ज्ञानोबा वस्ताद हळूच म्हणाले, ‘साहेब, पायताण.’ त्यानं असं पाहिलं की जणू धोतर सोडायला सांगितलं. पण काढलं बाबा. पत्रे आले आहेत, चांगले जाड आहेत. मी उगीच नावं ठेवत नाही, काम होऊन राहिलं आहे.

तुझ्या लंगोटाच्या काळजीला उत्तर : मुलींची वेळ वेगळी आहे. पोरं यायच्या आधी तास-दीड तास आखाडा मुलींचा. वस्ताद तेवढा वेळ दाराबाहेर पाठ करून बसतात आणि बिडी ओढतात. तेवढ्या वेळात आत डोकवायची हिंमत अजून कुणाची झालेली नाही. विशाखाचा आवाज आता वस्तीच्या टोकाला ऐकू येतो. रंग मात्र उजळला नाही, चांगला रापला आहे. तिला लोहाच्या गोळ्या हव्या होत्या, त्या मी दिल्या. लोह्याचे पाहुणे हवेत असं काही तिच्या अंगात कमी पडलेलं मला तपासणीत आढळलं नाही.

उद्यापासून अहमदपूरला शिबिर आहे. पंधरवडाभर मी नाही. शेजारच्या कोंडाबाई विशाखाकडे बघतील. परत येईन तेव्हा तालीम झालेली असेल.

आक्का


नांदेड
२ मार्च १९८७

विषय : अभिनंदन.

ती. आक्कास सविनय जयभीम.

कचेरीत चिवडा वाटला. आमचे साहेब म्हणाले, ‘देविदासराव, मसुदा असावा तर असा.’ मी म्हटलं, बहिणीच्या वस्तीसाठी एवढं केलंच पाहिजे. लहानपणी टोपलं उचललं नाही हे तू आजवर पंधरा वेळा तरी ऐकवलं असशील, आता कृपया खातं बंद कर.

व्यायामशाळेच्या नमुना आराखड्याची प्रत इथं पाहिली. शहाबादी फरशी आहे, खिडक्या आहेत, बाहेर नावाचा फलक आहे. फरशी होणार हे फार छान. स्वच्छता राहील, मुलींच्या पायाला घाण लागणार नाही.

विशाखाचा आवाज वस्तीच्या टोकाला जातो असं लिहिलंस. ती गाणं शिकते आहे का? आधी का नाही सांगितलंस? लोह्याच्या लोकांना गाण्याची आवड आहे असं मध्यस्थ म्हणत होता. एक-दोन भीमगीतं आणि एखादं साधं भावगीत बसवून घे.

तुझा,
देविदास


जांबवाडी
१९ मार्च १९८७

देविदास,

जयभीम. ते चिवड्याचे दाणे अजून दातात असतील तर आधी चूळ भर.

शिबिरातून परत आले. वस्तीत शिरले तर आमच्या आखाड्यात आरसा बसवल्यासारखं काहीतरी चकाकत होतं. अरे, कुस्तीच्या आखाड्यात शहाबादी फरशी. भिंतीपासून भिंतीपर्यंत, सिमेंटनं दरजा भरून. माती कुठं गेली? तर ‘लई घाण होती, तेलकट’ म्हणून गुत्तेदारानं ती उपसून ट्रॅक्टरनं चाकूरच्या वाटेवरच्या खड्ड्यांत टाकली. घरटी एक टोपलं आणलेली, तीस वर्षं तेल प्यालेली माती आता एसटीची चाकं खातात.

वस्तीतली माणसं त्या वेळी कुठं होती म्हणशील. सगळी रोजगार हमीवर, खडी फोडायला. परत आली तेव्हा निम्मी फरशी झाली होती, आणि सरकारी काम म्हटल्यावर तोंड उघडायचं कुणी? वस्ताद एकटे तिथं होते. ते गुत्तेदाराला आडवे पडले होते म्हणे. त्यानं त्यांना उचलून सावलीत बसवलं आणि चहा पाजला.

मी चाकूरला जाऊन त्या अमृतरावाला गाठलं. तू इतकी वर्षं कचेरीत काढलीस, तेव्हा तुला त्याचं उत्तर आवडेल. तो रागावला नाही, हसला नाही. खिशातून तुझ्या मसुद्याचा अर्ज काढला, माझ्यापुढं धरला.

‘बाई, यात माती कुठं हाय? दाखवा. असती तर ठिवली असती.’

मी दाखवू शकले नाही. तू इतकी सफाईनं काढली होतीस.

आता तालमीत काय चालतं ते ऐक. पोरं दुपारपासून तिथं पत्ते कुटतात. या उन्हाळ्यात इतकी गार, इतकी सपाट जागा अख्ख्या तालुक्यात नाही. मटकेवाला टपरी सोडून तिथंच येऊन बसतो. युवकांचं कल्याण जोरात चालू आहे.

आणि विशाखाचा उजवा हात मोडला. मनगटाच्या वर. लातूरला नेऊन प्लास्टर घातलं आहे. फरशीवरून पाय घसरला. काळजीचं कारण नाही.

आक्का


नांदेड
२३ मार्च १९८७

आक्का,

काळजीचं कारण नाही? महिन्यावर पाहुणे आले आहेत आणि मुलीचा हात गळ्यात. ती तिथं फरशीवर काय करत होती? बसायला जाते म्हणालीस. बसलेल्या माणसाचा पाय घसरतो का? सरजानं दोन दिवस अन्न घेतलेलं नाही. जे काय आहे ते खरं लिही. मी पाच तारखेला विशाखाला न्यायला येतो.

देविदास


जांबवाडी
२८ मार्च १९८७

चि. देविदास,
सप्रेम जयभीम.

खरं लिहायला सांगितलंस, लिहिते. आधी का नाही लिहिलं म्हणून रडू नकोस. आधी लिहिलं असतं तर तू आधी न्यायला आला असतास.

ती कबड्डी खेळते.

नोव्हेंबरात मी तिला गोळ्या देत होते, दूध देत होते, भाजी देत होते. रक्त जरा वाढलं, पोरगी नाही वाढली. भिंतीकडचं तोंड भिंतीकडेच. एक दिवस मुलींना एक गडी कमी पडला. कोंडाबाईची नात घरात शिरली आणि हिचा हात धरून ओढत घेऊन गेली. विचारलं वगैरे काही नाही, या वस्तीत विचारायची पद्धत नाही. पहिल्याच चढाईला पाच जणींनी तिला पालथी पाडली. मी दारात उभी होते. म्हटलं, आता ही रडणार, आणि पुन्हा दोन महिने बोलणार नाही. ती उठली तर तोंडात माती, केसांत माती, आणि हसत होती. थुंकत होती आणि हसत होती.

त्यानंतर एक दिवस चुकली नाही. तू ज्याला गाणं म्हणालास ते कबड्डी-कबड्डी होतं. एका दमात म्हणायचं असतं, दम तुटला की गडी बाद. चार पावलांवर धाप लागणारी तुझी पोरगी आता पलीकडच्या तिघींना शिवून त्याच दमात परत येते. टॉनिकच्या बाटल्या मी कोंडाबाईच्या म्हशीला पाजल्या. म्हैस बरी आहे.

मऊ मातीत पडलं की मुलीला काही होत नाही, म्हणून मी निर्धास्त होते. फरशी झाल्यावर मी त्यांना खेळू नका म्हटलं होतं. पण मी दवाखान्यात, आणि दुसरी जागा कुठं? शाळेचं मैदान खडकाळ, गावच्या मैदानावर आमच्या मुली खेळल्या की पारावरचे लोक कामधंदा सोडून येतात. खेळल्या फरशीवर. पडली.

आता ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजते. दोन भाकरीची अर्धी झाली. हात महिन्या-दीड महिन्यात सांधेल, त्याची मला भीती नाही. ती इथं राहिली तर मी काहीतरी करीन. काय ते मला माहीत नाही, पण करीन. नेऊ नकोस.

तुझी आक्का


नांदेड
३ मे १९८७

ती. आक्कास जयभीम.

तू नको म्हणालीस तरी मी तिला आणलं. बसमध्ये ती खिडकीशी बसली. नांदेडच्या अलीकडे, एवढ्या दुष्काळात, विहिरीच्या काठी केळीचा एक मळा हिरवा दिसला, म्हणून मी तिला हात करून दाखवला. तिनं मान वळवली नाही. तेव्हाच मला परत फिरायला हवं होतं.

परवा लोह्याचे लोक आले. प्लास्टर सुटलं होतं. डॉक्टरांनी हात हलवायला सांगितला आहे, ती हलवत नाही. सरजानं तिला हिरवी साडी नेसवली. मुलाच्या आईनं नाव विचारलं, शिक्षण विचारलं, स्वयंपाकाचं विचारलं. विशाखा जमिनीकडे बघत बसली, एक अक्षर नाही. वाटलं, आता ही माणसं उठणार. ती उठली नाहीत. मुलाची आई माझ्याकडे वळून म्हणाली, ‘पोरगी लई शांत हाय. आवाज म्हणून न्हाई. अशीच पायजे होती.’

पसंत आहे म्हणाले. साखर मागितली. मी साखर आणायला आत गेलो, तर सरजा चुलीपुढं तोंडात पदर कोंबून बसली होती. आक्का, पोरीच्या आजारालाच त्यांनी पसंत केलं होतं, आणि मी त्यावर साखर वाटत होतो.

त्यांना ‘कळवतो’ म्हणून सांगितलं आहे. दिवसभर कचेरीत मी लोकांचे अर्ज तीन ओळींत नामंजूर करतो. लोह्याला एक ओळ लिहायला बसलो की हात उचलत नाही. मध्यस्थ आमच्या साहेबांचा साडू आहे.

सोमवारच्या सकाळच्या गाडीनं विशाखा तुझ्याकडे येते आहे. मी विचारलं, ‘आत्याकडे जातेस का?’ तिनं पिशवी भरायला घेतली.

फरशीबद्दल. तू अर्ज करशील म्हणून घाईनं लिहितो. अर्ज करू नकोस. अर्ज केला की फाइल होते, फाइल झाली की ती फरशी सरकारी मालमत्ता म्हणून कायम होते, मग ती काढायला समिती लागते, आणि समितीत गुत्तेदाराचा माणूस असतो. तोंडी विचारू नकोस. कळवू नकोस. पहारी कुणाकडे आहेत हे मी नांदेडातून सांगायला नको. सगळी वस्ती खडीच फोडते आहे.

हे पत्र वाचून फाडून टाक. मी सरकारी नोकर आहे.

देविदास


जांबवाडी
८ जून १९८७

ती. बाबांना जयभीम.

आत्या म्हणाली, तूच लिही, मला तुझ्या बापाला लिहून कंटाळा आला. तुमचं पत्र तिनं फाडलं नाही, सगळ्या वस्तीला वाचून दाखवलं. ‘अर्ज करू नकोस’ या वाक्याला लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्ञानोबा आजोबा म्हणाले, देविदास एवढा शिकला त्याचं आज सार्थक झालं.

फरशी निघाली. सुट्टीच्या दिवशी बाया-माणसं सगळी लागली. एवढ्या चांगल्या फरश्या फेकवेनात, म्हणून आता वस्तीत ज्याच्या त्याच्या मोरीला शहाबादी आहे. आत्यानं दोन घेतल्या, एकीवर धुणं धुते, दुसरी शेजारीण मागते म्हणून तिच्यावर बसून राहते. माती चाकूरच्या वाटेवरून परत आली. रोजगार हमीवरून येताना जी ती टोपलंभर खरवडून आणायची. सगळी नाही मिळाली, काही एसटीनं नेली. उरलेली गावच्या तळ्यातून आणली, तळं कोरडंच आहे. दोन्ही मिसळून रंग विचित्र झाला आहे, भुऱ्या म्हशीसारखा.

पाण्यावरून मोठं भांडण झालं. कोंडाआजी म्हणाल्या, सुनेला न्हायला पाणी नाही आणि तुम्ही भुईला न्हाऊ घालता. आत्या म्हणाली, मग तुमची नात घरी बसवा. त्यावर नातच आजीशी भांडली. शेवटी ठरलं की अंघोळीचं पाणी खाली जाऊ न देता घमेल्यात धरायचं, साबण लावायचा नाही, आणि ते आखाड्यात टाकायचं. त्यामुळे आम्ही सगळे बिनसाबणाचे आहोत. तुम्ही याल तेव्हा वाऱ्याच्या बाजूला बसा.

मागच्या आठवड्यात लातूरहून साहेब तपासणीला आले. पांढरीशुभ्र पँट. आत डोकावले आणि म्हणाले, ‘फरशी कुठाय?’ आत्याचं तोंड पहिल्यांदाच बंद झालेलं मी पाहिलं. ज्ञानोबा आजोबा फावडं घेऊन पुढं आले.

‘खाली हाय साहेब. मातीनं झाकली, झिजू नये म्हनून. उकरून दावू का? उतरा आत. पायताण तेवढं काढा.’

साहेबांनी मातीकडे पाहिलं, मग पँटकडे पाहिलं, आणि काम समाधानकारक म्हणून सही करून गेले.

हात आता वर जातो, पूर्ण वळत नाही. वस्ताद रोज तेल लावून माती उकरायला लावतात, दुखतं, मी ओरडते, ते बिडी ओढतात. चढाईला अजून सोडत नाहीत. मी रेषेबाहेर उभी राहून दम मोजते आणि बाकीच्यांना शिव्या घालते. भाकरी तीन.

बारावीला मी पुन्हा बसणार नाही, असं नाही. पण सायन्सला बसणार नाही. हे तुम्हाला सांगायला मला एक वर्ष लागलं.

लोह्याचं तुम्ही अजून कळवलं नसेल, म्हणून काल मीच कार्ड टाकलं. फार लिहिलं नाही. ‘मुलगी शांत आहे असा आपला समज झाला. तो त्या दिवसापुरता बरोबर होता.’ खाली सही माझी केली आहे. तुमच्या साहेबांनी विचारलं तर म्हणा, पोरगी ऐकत नाही.

आईला सांगा, रडायचं असेल तर इकडे येऊन रड, पाणी वाया जाणार नाही.

तुमची,
विशाखा